प्रोस्टेटची बायोप्सी: कोणत्या मार्गाने करावी? आधी एमआरआय हवाच का?

नौपाड्याची_लेक

नमस्कार. बाबांसाठी धागा काढतेय. ते नौपाड्यात आईसोबत राहतात, मी नेरुळला. वय ७१. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे, त्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, क्लोपिडोग्रेल आणि कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, चालू आहेत. रात्री लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून युरोलॉजिस्टकडे जात होते. या वेळी पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ६.२ आला. डॉक्टरांनी बोटाने तपासलं, गाठीसारखं काही लागलं नाही म्हणाले. पण आकडा वाढलाय तर गुदमार्गातून सोनोग्राफीच्या मदतीने बायोप्सी करून टाकू, पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं.

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते डॉक्टर सांगतात ते करा. साताऱ्याचे काका रोज फोन करून बजावतात, सुईने डिवचलं की कॅन्सर अंगभर पसरतो, हात लावू देऊ नका. बाबा काहीच बोलत नाहीत, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. इंटरनेटवर वाचलं तर शिवणीच्या जागेतून करतात, एमआरआय जोडून करतात, फ्यूजन, असं बरंच काही दिसतं. यातलं आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत काय होतं, आणि बाबांसारख्या माणसाला काय योग्य? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

वर्तकनगरी

ताई, माझ्या सासऱ्यांची गुदमार्गातून झाली होती. सकाळी गेलो, दुपारी घरी. लघवीत दोन-तीन दिवस लालसर, मग स्वच्छ. घाबरण्यासारखं काही नाही. रिपोर्ट साधी वाढ असा आला.

सीवूड्सकर

आमच्याकडे उलट अनुभव. वडिलांना तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, रात्री रिक्षा मिळेना, शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं. आठवडाभर सलाइनमधून अँटिबायोटिक. रुग्णालयाचं नाव घेत नाही, त्यांनी नंतर नीट केलं. पण आधी ‘ताप आला तर लगेच या’ एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर आम्ही क्रोसिन देत बसलो नसतो.

खाडीपलीकडे

नौपाड्याची लेक, मी स्वतः या सगळ्यातून गेलोय. वय ६६, कळव्यात राहतो. सविस्तर लिहितो, कारण मला त्या वेळी कुणी सांगणारं नव्हतं.

पहिला प्रश्न: बाबांना प्रोस्टेटची कोणती गोळी चालू आहे? पाकीट काढून नाव बघा. टॅमसुलोसिनच्या जोडीला ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असेल, तर सहा महिने-वर्षभरात त्या औषधाने पीएसए जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा दुप्पट करून वाचायचा. ही गोष्ट लॅबच्या कागदावर छापलेली नसते आणि पेशंट डॉक्टरांना सांगायला विसरतो, विशेषतः गोळी एकाने आणि बायोप्सी दुसऱ्याने सांगितली असेल तर.

दुसरं, लघवीची तपासणी झाली का? जंतुसंसर्ग असला, मध्ये कॅथेटर घातलेला असला तरी पीएसए चढतो. संसर्ग निघाला तर तो बरा करून सहा-आठ आठवड्यांनी पीएसए पुन्हा करतात. तो वेळ वाया जात नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: एमआरआय आधी, सुई नंतर. प्रोस्टेट अक्रोडाएवढी ग्रंथी, वयाने वाढून लिंबाएवढीही होते. नुसत्या सोनोग्राफीत बहुतेक कॅन्सर वेगळे ओळखू येत नाहीत. सोनोग्राफी फक्त ग्रंथी कुठे आहे ते दाखवते, मग डॉक्टर ठरलेल्या नकाशाप्रमाणे दोन्ही बाजूंनी मिळून १२ ठिकाणी सुई मारतात. आजार त्या बाराच्या मध्ये कुठे लपला असेल तर सुटतो. उलट, ज्याने कधीच त्रास दिला नसता असा बारीकसा निरुपद्रवी भाग हाती लागून माणूस आयुष्यभर ‘कॅन्सर पेशंट’ होतो. मल्टिपॅरामेट्रिक एमआरआयमध्ये संशयाची जागा आधी दिसते. तिला १ ते ५ असा पायरॅड्स आकडा देतात. ४-५ म्हणजे संशय दाट, १-२ म्हणजे कमी, ३ मधला.

२०१८ मध्ये प्रिसिजन नावाची ५०० पुरुषांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना जुन्या पद्धतीने १०-१२ सुया, निम्म्यांना आधी एमआरआय आणि संशय दिसला तरच त्या जागी सुई. उपचार लागावा असा कॅन्सर एमआरआयच्या गटात ३८ टक्क्यांना सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांना. वर एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांना बायोप्सी करावीच लागली नाही.

आणि क्रम उलटा करू नका. बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साकळतं, ते काही आठवडे एमआरआयची प्रतिमा बिघडवतं. ‘आधी बायोप्सी करू, मग बघू एमआरआय’ यात पुढचे दीड-दोन महिने चांगलं चित्र मिळत नाही.

मासुंदा

वाखु (वाचनखूण) साठवली. खाडीपलीकडे काका, मनापासून आभार.

नौपाड्याची_लेक

काका, आत्ता आईला फोन करून पाकीट वाचायला लावलं. टॅमसुलोसिन + ड्युटास्टेराइड, दोन वर्षांहून जास्त. म्हणजे पीएसए बारा-साडेबारा धरायचा? पोटात गोळा आला. लघवीची तपासणी साफ आहे. स्टेंट असताना एमआरआय चालतो का?

पॅथॉलॉजीवाली

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बेलापूरच्या पुढे एका लॅबमध्ये काम करते. धाग्यावर सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून लिहिते. बाबांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनी समोर बसवून घ्यायचा.

हो, आकडा साधारण दुप्पट धरतात. पण ‘बारा’ म्हणजे कॅन्सर असंही नाही. मोठ्या ग्रंथीतून पीएसए जास्त येतोच. म्हणून एमआरआयमध्ये ग्रंथीचं आकारमान मिळालं की पीएसएला त्याने भागतात. ०.१५ च्या वर गेलं तर संशय वाढतो.

हल्लीचे कोरोनरी स्टेंट एमआरआयला चालतात. डिस्चार्जच्या वेळी मिळालेलं स्टेंटचं कार्ड सोबत न्या, आणि पेसमेकर असेल तर तो आधीच सांगा, तो वेगळा विषय आहे. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, चित्र स्पष्ट दिसावं म्हणून) देणार असतील तर मधुमेह असल्यामुळे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, आधी बघतील.

आता सातारच्या काकांचं म्हणणं. ‘सुई लावली की पसरतो’ हे आमच्या काउंटरवर रिपोर्ट घ्यायला आलेल्या नातेवाइकांकडून नेहमी ऐकते. सातारच्या काकांना वेड्यात काढू नका. त्यांनी बायोप्सी झाली आणि काही महिन्यांत माणूस गेला असं पाहिलेलं असणार. पण तशा बहुतेक घरांत बायोप्सी उशिरा झालेली असते, हाडांत दुखायला लागल्यावर. आजार आधीच पुढे गेलेला, सुई फक्त त्याच वेळी आली. प्रोस्टेटमध्ये सुईच्या वाटेने पेशी रुजल्याच्या नोंदी जगभरात अगदी मोजक्या आहेत. वृषणाचं प्रकरण वेगळं. तिथे कॅन्सरचा संशय असेल तर अंडकोशाच्या त्वचेतून सुई घालत नाहीत, शस्त्रक्रियेने वृषणच काढून तपासतात. प्रोस्टेटला तो नियम लागत नाही. इथे तुकडा बघितल्याशिवाय आजार किती आक्रमक आहे ते कळत नाही आणि उपचार नीट ठरवता येत नाही.

जुना_ठाणेकर

माझ्या थोरल्या भावाने याच भीतीपोटी दोन वर्षं काढली. पीएसए वाढत गेला आणि आम्ही काढे करत राहिलो. शेवटी कंबर धरली तेव्हा हाडांत उतरलेलं होतं. इंजेक्शनवर आहे, हिंडतो-फिरतो, पण जे साधं झालं असतं ते साधं राहिलं नाही. ताई, बाबांच्या गप्प बसण्याकडे लक्ष द्या. आमच्या वयाचे पुरुष या जागेबद्दल बोलत नाहीत, मुलीसमोर तर नाहीच. जावयाला किंवा भावाला एकटं बसवून बोलायला सांगा.

सीवूड्सकर

शिवणीतून करतात त्यात ताप येत नाही असं ऐकलंय. मग सगळे तसंच का करत नाहीत?

पॅथॉलॉजीवाली

प्रश्न रास्त आहे. दोन्ही मार्ग समजून घ्या.

गुदमार्गातून: पेशंट डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. सोनोग्राफीचा प्रोब आत, प्रोस्टेटच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन, मग स्प्रिंगच्या गनने सुई. प्रत्येक वेळी टक् असा आवाज येतो, माणूस दचकतो ते बहुतेक त्या आवाजाने. काम झटपट होतं, ओपीडीत होतं, खर्च कमी. अडचण ही की सुई मलाशयाच्या भिंतीतून जाते, तिथले जंतू सोबत प्रोस्टेटमध्ये आणि रक्तात जाऊ शकतात. त्यासाठी वर्षानुवर्षं सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी गोळी देत आले, पण आपल्याकडच्या ई. कोलाय जंतूंवर ती गोळी आता बऱ्याचदा चालत नाही. बायोप्सीनंतरच्या संसर्गाने भरती व्हायची वेळ साधारण शंभरात एक ते तिघांवर येते असं परदेशी आकडे सांगतात. मधुमेहात धोका जास्त.

शिवणीतून, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून: प्रोब गुदमार्गातच असतो, पण फक्त बघण्यासाठी. सुई स्वच्छ केलेल्या त्वचेतून जाते. संसर्ग फारच कमी. युरोपच्या युरोलॉजी संघटनेने याच कारणाने या मार्गाला पसंती दिली आहे. ग्रंथीच्या पुढच्या भागात, पोटाच्या बाजूला, गाठ असेल तर इथून सुई नीट पोचते, गुदमार्गातून तो भाग दूर पडतो. ब्रिटनमध्ये १,१२६ पुरुषांवर झालेल्या ट्रान्सलेट चाचणीत दखलपात्र कॅन्सर सापडण्याचं प्रमाण शिवणीच्या मार्गाने ६० टक्के, गुदमार्गाने ५४ टक्के असं आलं. पण ती शिकायला वेळ लागतो, जास्त वेळ घेते, दुखते थोडी जास्त. आपल्याकडे अनेक जण ती कमरेत इंजेक्शन किंवा थोडी भूल देऊन करतात, म्हणजे ऑपरेशन थिएटर आणि खर्च आला. नंतर लघवी अडकणं दोन्हीत होऊ शकतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. अमेरिकेतल्या अलीकडच्या चाचण्यांत गुदमार्गातूनसुद्धा नीट तयारी केली, म्हणजे गुदमार्ग पोव्हिडोन आयोडीनने धुतला, आधी स्वॅब घेऊन त्या माणसाच्या जंतूंना लागू पडेल ते अँटिबायोटिक दिलं, तर संसर्गातला फरक बराच आटला. म्हणून ‘गुदमार्गातून म्हणजे जुनाट, करूच नका’ असं मी म्हणणार नाही. तुमचे डॉक्टर ज्यात तरबेज आहेत आणि जी तयारी खरंच करतात, ते महत्त्वाचं. मात्र मधुमेह असेल, किंवा गाठ पुढच्या भागात असेल, तर शिवणीच्या मार्गासाठी थोडं फिरावं लागलं तरी चालेल असं माझं मत.

पामबीच

फ्यूजन म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे त्याचं पॅकेज फार मोठं सांगितलं.

खाडीपलीकडे

माझी फ्यूजनच झाली. एमआरआयवर रेडिओलॉजिस्टने संशयाची जागा आखून दिली, ते चित्र यंत्रातल्या सॉफ्टवेअरने चालू सोनोग्राफीवर बसवलं, आणि डॉक्टरांनी पडद्यावर बघून त्या आखलेल्या जागेत सुया मारल्या. दुसरा प्रकार, डॉक्टर एमआरआय डोळ्यांसमोर ठेवून अंदाजाने त्या जागी जातात, त्याला कॉग्निटिव्ह म्हणतात. गाठ मोठी असेल आणि डॉक्टर अनुभवी असतील तर त्यानेही काम होतं. तिसरा, एमआरआयच्या यंत्रातच झोपवून सुई मारणं, तो फार कमी ठिकाणी. पॅकेज ऐकून बिचकू नका, पण एक विचारा: ‘एमआरआय कोण वाचणार आणि ते प्रोस्टेटचे किती वाचतात?’ महागडं यंत्र असून एमआरआय घाईत वाचला असेल तर आखणीच चुकते.

नौपाड्याची_लेक

अपडेट. आधीच्या डॉक्टरांशी बोलले. ड्युटास्टेराइडचं सांगितल्यावर ते स्वतःच म्हणाले की एमआरआय आधी करू. अजिबात रागावले नाहीत, उलट पाकीट आणलंत हे बरं केलंत म्हणाले. ३ टेस्लाच्या यंत्रावर एमआरआय केला. ग्रंथी ४२ मिली. पुढच्या भागात उजवीकडे १४ मिमीची जागा, पायरॅड्स ४. म्हणूनच बोटाला काही लागलं नसावं. पॅथॉलॉजीवाली ताईंच्या हिशोबाने १२.४ भागिले ४२, म्हणजे जवळपास ०.३.

डॉक्टरांनीच शिवणीतून फ्यूजन करणाऱ्या दुसऱ्या युरोलॉजिस्टकडे पाठवलं. हृदयाच्या डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल काही दिवस आधी बंद करायला सांगितली, स्टेंटला बरीच वर्षं झालीत म्हणून. अ‍ॅस्पिरिन चालूच ठेवली.

जुना_ठाणेकर

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: रक्त पातळ करणारी गोळी कुणीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. नवीन स्टेंट असेल तर जिवावर बेतू शकतं. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्या.

नौपाड्याची_लेक

बायोप्सी झाली. बाबांशी शेवटी माझा नवरा बोलला, दोघं तलावपाळीवर जाऊन बसले होते. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःहून फाइल काढून पिशवीत ठेवली.

अर्धा दिवस गेला. कमरेत इंजेक्शन दिलं. संशयाच्या जागेतून चार आणि बाकी ग्रंथीतून बारा तुकडे घेतले. लघवी झाल्यावरच सोडलं. शिवणीत निळसर डाग, बसताना दुखतं, उशी घेऊन बसतात. लघवी पहिल्या दिवशी गुलाबी. डॉक्टरांनी सांगितलं की वीर्यात रक्त काही आठवडे दिसू शकतं, तपकिरी होत जातं, घाबरू नका. आणि १०१ च्या वर ताप, थंडी, किंवा लघवी अडकली तर रात्र असो की दिवस थेट इमर्जन्सीला. कागदावर लिहून दिलंय, आईने ते फ्रिजवर चिकटवलं.

रिपोर्टला वेळ का लागतो? दहा दिवस लागू शकतात म्हणाले.

पॅथॉलॉजीवाली

बाबांनी फाइल स्वतः काढली हे वाचून बरं वाटलं.

वेळ का लागतो सांगते. आमच्या टेबलावर छोट्या फॉर्मॅलिनच्या बाटल्या येतात, प्रत्येकीवर जागा लिहिलेली. आतला तुकडा शिवायच्या दोऱ्याएवढा जाड, दीड-दोन सेंटीमीटर लांब, पांढरट. तो वाकडा बसला तर अर्धा भाग कापताना निसटतो, म्हणून तो स्पंजच्या दोन पातळ चकत्यांमध्ये सरळ ठेवून मेणात बसवतो. मेणाचा ब्लॉक, त्यातून काही मायक्रॉन जाडीचे काप, काचेवर, मग रंग. एवढं एक-दोन दिवसांत होतं. पण दोन-चार ग्रंथी अशा दिसतात की कॅन्सर म्हणावं की नाही ठरत नाही. साध्या ग्रंथीभोवती बेसल पेशींचा एक थर असतो, कॅन्सरमध्ये तो नसतो. तो थर आहे की नाही हे दाखवणारे खास रंग लावतो, पी-६३ वगैरे. अशा वेळी मी घाई करत नाही, सहकाऱ्यालाही दाखवते. उशीर म्हणजे वाईट बातमी असं समजू नका.

रिपोर्टमध्ये बघायचं ते: किती तुकड्यांत आजार, प्रत्येकात किती टक्के, आणि ग्लीसन, म्हणजे आजार किती आक्रमक ते सांगणारा आकडा. ग्लीसनमध्ये दोन आकडे असतात, पहिला सर्वांत जास्त दिसणाऱ्या नमुन्याचा. ३+३ म्हणजे गट १, बहुतेकदा लगेच उपचार न करता नियमित लक्ष ठेवता येतं. ३+४ गट २, ४+३ गट ३, बेरीज सातच पण आजार वेगळा. ८ गट ४, ९-१० गट ५.

नौपाड्याची_लेक

रिपोर्ट आला. संशयाच्या जागेतल्या चारपैकी तीन तुकड्यांत ३+४, त्यात ४ चा भाग ३० टक्के. बाकीच्या बारांपैकी एकातच थोडं, ३+३. डॉक्टर म्हणाले बरा होण्यासारखा टप्पा आहे, पीएसएमए पेट स्कॅन करून बाहेर काही नाही ना ते बघू, मग शस्त्रक्रिया की रेडिएशन ते बसून ठरवू. दुसरं मत घ्यायला हरकत नाही असंही तेच म्हणाले.

साताऱ्याच्या काकांना मी स्वतः फोन केला. गाठ पुढच्या भागात होती, एमआरआय नसता तर कदाचित निसटली असती हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले ऑपरेशन ठरलं तर मी येतो रात्री थांबायला.

खाडीपलीकडे

ताई, धीर धरा. घाईने आठवड्याभरात निर्णय घ्यायची गरज नसते. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची चाचणी झाली, पीएसएमधून सापडलेले सोळाशेच्या वर पुरुष, काहींवर शस्त्रक्रिया, काहींना रेडिएशन, काहींवर फक्त लक्ष. १५ वर्षांनी या आजाराने गेलेले शंभरात तीनपेक्षाही कमी, तिन्ही गटांत जवळपास सारखेच. त्यातले बरेच बाबांपेक्षा सौम्य आजाराचे होते हे खरं, पण विचार करायला वेळ आहे एवढं यातून घ्या.

पॅथॉलॉजीवाली

दुसरं मत घ्यायचं तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. लॅबकडून सगळे मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या, अर्ज लिहावा लागतो, तुमचा हक्क आहे. एमआरआयची सीडी घ्या, फक्त फिल्म नको. टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक त्यांचे पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा बघतात. परळला तुम्हाला नौपाड्यातून मध्य रेल्वे, आणि टाटांचंच दुसरं केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, खारघरला आहे, ठाण्याहून पनवेल गाडी. कोणती ओपीडी कुठे आणि कधी ते आधी फोनवर खात्री करून जा. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे.

पामबीच

धाग्यामुळे धीर आला म्हणून विचारते. यजमानांचं वय ५९, पीएसए ५.१, कुठली गोळी नाही. एमआरआय केला, पायरॅड्स २, ग्रंथी ६० मिली. एक डॉक्टर म्हणतात तरी बायोप्सी करू, दुसरे म्हणतात थांबू. कुणाचं ऐकू?

पॅथॉलॉजीवाली

५.१ भागिले ६० म्हणजे ०.०८५. एमआरआय संशय नाही म्हणतो, भागाकार ०.१५ च्या खाली. अशा वेळी थांबणं हा मान्य पर्याय आहे, निष्काळजीपणा नाही. पण एमआरआय साफ असला तरी थोडे कॅन्सर निसटतात, म्हणून थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. बायोप्सी सांगणाऱ्या डॉक्टरांना कारण विचारा. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा, किंवा घरातल्या बायकांना कमी वयात स्तनाचा, बीजकोशाचा कॅन्सर झाला होता का, बोटाने तपासताना काही कडक लागलं का. यापैकी काही असेल तर त्यांचं म्हणणं बरोबर ठरू शकतं. नसेल तर सहा महिन्यांनी पीएसए त्याच लॅबमध्ये पुन्हा करा, आणि तोवरचे सगळे आकडे एका कागदावर तारखेसह लिहून ठेवा.

पामबीच

यजमानांच्या आत्याला कमी वयात स्तनाचा झाला होता. हे कुणी विचारलंच नव्हतं. उद्या सांगते डॉक्टरांना.